उंची, सेंटीमीटरमध्ये

४ फेब्रुवारी

आज वाचनालयात संगणक आला. बसवून देणाऱ्या इंजिनियरने एक वही दिली आणि सांगितले की यंत्र केव्हा सुरू केले, केव्हा बंद केले, काय बिघडले, ते रोज लिहीत जा. त्या वहीत माणसांसाठी रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही, जी घरी राहील.

यंत्र खोक्यांतून आले. खोक्यांवर बाण काढून ‘ही बाजू वर’ असे छापले होते आणि हमालांनी सगळी खोकी उलटी ठेवली. मी तसे म्हटले तर एक जण म्हणाला, “आत काय अंडी आहेत का?” मी पावती पाहून सांगितले की आत संगणक आहे. “मग अंडी नाहीत ना,” असे म्हणून तो गेला.

पुस्तकबांधणीची खोली रिकामी करून तिथे टेबल लावले आहे. खिडकीला जाड पडदा, दाराशी पायपुसणे, चपला बाहेर. इंजिनियर म्हणाला, धूळ हा यंत्राचा शत्रू. वाचनालयात धूळ नसलेली जागा कोणती, हे त्याने सांगितले नाही.

माझ्या नेमणुकीच्या पत्रात ‘ग्रंथनोंदणीचे काम पूर्ण होईपर्यंत’ असे लिहिले आहे. आमचे कार्यवाह वकील आहेत, त्यामुळे पत्र नेमके आहे. पत्र देताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “काम झटपट संपवा, मग तुमचं बघू.” आजवर मी इथे रोजंदारीवर पुस्तकांची कार्डे टाइप करत होतो, तेव्हा कोणी खांद्यावर हात ठेवला नव्हता. म्हणजे हिशेब सरळ आहे. काम लवकर संपले की मी कायम.

दादाला सांगितले. दादा बस डेपोत मेकॅनिक आहे आणि त्याने माझ्यासाठी तिथल्या गाड्या धुण्याच्या जागेवर शब्द टाकून ठेवला आहे. तो म्हणाला, “नुसतं बघू म्हणालेत ना? मग मी पण डेपोत अजून नाही म्हणत नाही.”

९ फेब्रुवारी

यंत्राला आपली लिपी येत नाही. इंजिनियर म्हणाला, “इंग्रजी अक्षरांत लिहा, वाचणारा समजून घेईल.” ळ आणि ल एकच, ण आणि न एकच. शुद्धलेखन चांगले म्हणून मला या कामावर घेतले आणि पहिल्याच आठवड्यात शुद्धलेखन दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायला लावले.

यंत्रात एका वेळी दोन फ्लॉप्या घालायच्या. फ्लॉपी म्हणजे काळ्या पाकिटातली पातळ तबकडी. एकीत यंत्राची अक्कल, दुसरीत आपली पुस्तके. काही चुकले की पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न येतो : सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की नापास? शालान्त परीक्षेच्या गणितात दोनदा बसलेल्या माणसाला हा प्रश्न दिवसातून इतक्या वेळा विचारू नये. मी दर वेळी पुन्हा प्रयत्न हेच बटण दाबतो.

दुपारी वीज गेली आणि सकाळपासून टाइप केलेले सगळे गेले. इंजिनियरला फोन लावला. तो म्हणाला, “दर पुस्तकानंतर साठवायचं असतं.”

“हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

वर्तमानपत्रांच्या टेबलावर रोज बसणारे पेन्शनर मला पेटीमास्तर म्हणू लागले आहेत. जाता-येता विचारतात, “काय मास्तर, आज कुठला राग?” आज खरोखर राग होता, पण तो त्यांना सांगण्यासारखा नव्हता.

१५ फेब्रुवारी

कामाला गती आली होती, तर ग्रंथपालबाईंनी खीळ घातली.

बाई या वर्षाअखेर निवृत्त होणार आहेत. शिस्तीच्या आहेत, आवाज कधी चढवत नाहीत, आणि म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नाही. आज त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, साल, पाने असे रकाने असतात. शेवटचा रकाना उंचीचा, सेंटीमीटरमध्ये.

“हा रिकामा का?”

“कार्डावर नाही, बाई. जुन्या बहुतेक कार्डांवर नाही.”

“पुस्तकाला आहे ना?”

“पुस्तकावर कुठे लिहिलेली नसते.”

“लिहिलेली नसते. पण असते. पट्टी घ्या.”

म्हणजे प्रत्येक पुस्तक कपाटातून काढायचे, उभे करायचे, मोजायचे, परत ठेवायचे. अण्णा, जे नव्या पुस्तकांची दाखलनोंद बघतात, ते दारातून म्हणाले, “उंची विचारताय? स्थळ आलंय का पुस्तकाला?”

मी बाईंना विचारले की वाचकाला उंचीचा काय उपयोग. बाई म्हणाल्या, “वाचकाला नसेल. तुम्हाला आहे.” या वाक्याचा अर्थ लागला नाही. बहुधा माझ्या बुटकेपणावर असावे. बाई असे बोलतील असे वाटले नव्हते.

२ मार्च

कार्यवाह पाहणीला आले. बूट काढावे लागतात म्हणून आत आले नाहीत, दारातूनच मान लांब करून पाहिले. “केव्हा संपणार?” असे त्यांनी विचारले. मी रोजच्या सरासरीवरून तारीख काढून ठेवली होती आणि तोंडही उघडले होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “नाजूक काम आहे. घाई केली तर पुन्हा करावं लागतं.”

कार्यवाह गेल्यावर मी म्हटले, “बाई, मला तारीख सांगता आली असती.”

“म्हणून तर,” बाई म्हणाल्या आणि देवघेवीच्या खिडकीकडे निघून गेल्या.

काही माणसांना दुसऱ्याच्या कामाचे श्रेय दिसू द्यायचे नसते, असे ऐकले होते. आता पाहिले.

१४ मार्च

सुटी. वहिनी तांदूळ निवडत होत्या. विचारले, “भावजी, काम संपल्यावर काय?”

“संपल्यावर कायम.”

“घर बांधून झालं की गवंड्याला कोणी त्यात राहायला देत नाही, भावजी.”

मी म्हटले, आमच्याकडे बांधकाम नाही, फक्त नोंदणी आहे. वहिनींनी दादाकडे पाहिले आणि दादाने वर्तमानपत्र तोंडापुढे धरले. वहिनींचे वडील कंत्राटदार आहेत, त्यामुळे त्यांना सगळीकडे विटाच दिसतात.

६ एप्रिल

हे लिहिण्याआधी मी तांब्याभर पाणी प्यालो आहे.

अण्णांचे काम कसे चालते ते आधी लिहितो, नाहीतर पुढे मीच वाचले तर माझा विश्वास बसणार नाही. वाचनालयात पुस्तक आले की ते प्रथम अण्णांच्या टेबलावर जाते. तिथे त्याला दाखल क्रमांक मिळतो, मग शाईचा गोल शिक्का, मग उठावाचा शिक्का. उठावाचा शिक्का म्हणजे लोखंडी चिमटा. कागद त्यात धरून दांडा दाबला की वाचनालयाचे नाव कागदातून फुगून वर येते. हा शिक्का आतल्या एका ठरलेल्या पानावर मारतात, जे फक्त आपल्या लोकांना माहीत असते. चोराने पहिले पान फाडले तरी पुस्तक आपलेच. अण्णांचा नियम असा की वाचनालयात आलेली कुठलीही वस्तू शिक्क्याशिवाय राहता कामा नये. भिंतीवरच्या घड्याळावर शिक्का आहे. झाडूच्या दांड्यावर आहे.

काल मी दाढ काढायला गेलो होतो. अण्णा बांधणीच्या खोलीत काही शोधायला आले आणि त्यांना फ्लॉप्यांची पेटी दिसली. एकीवरही दाखल क्रमांक नाही. त्यांना ते सहन झाले नाही. त्यांनी पेटी टेबलावर नेली आणि एकूण एक फ्लॉपी रीतसर दाखल करून घेतली. बाहेरून गोल शिक्का. आणि पाकिटाला जी लांबट खिडकी असते, जिच्यातून आतली तबकडी दिसते, तिथे उठावाचा.

“तिथेच का, अण्णा?”

“आतली जागा आहे. चोराच्या लक्षात येत नाही.”

पहिली फ्लॉपी घातली तेव्हा यंत्राने सुतळी कापल्यासारखा आवाज काढला आणि विचारले : सोडून देऊ, पुन्हा प्रयत्न करू, की नापास? दुसरीला तेच. तिसरीला तेच. नकला मी काढून ठेवल्या होत्या, त्याही त्याच पेटीत, मूळ फ्लॉपीच्या मागोमाग, क्रमाने लावलेल्या. इतक्या क्रमाने की अण्णांना शोधावे लागले नाही.

मी म्हटले, “अण्णा, तुम्ही माझं सगळं काम चिमट्यात धरून दाबलंत.”

“मी वाचनालयाचं नाव घातलं फक्त. आपल्या नावानं मरतं ते यंत्र काय कामाचं?”

बाई आल्या. फ्लॉपी उजेडात धरून पाहिली. तबकडीवर वाचनालयाचे नाव आणि स्थापनेचे साल अतिशय सुंदर उमटले होते. अण्णांना त्या म्हणाल्या, “तुमची चूक नाही. फ्लॉपीचं नियमात नाही.” मग मला म्हणाल्या, “पुन्हा करा.”

“सगळं?”

“सगळं. सावकाश.”

आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मी खोटे लिहीत नाही, सुटल्यासारखा भाव होता. दुसऱ्याचे काम बुडाले की माणसाचा चेहरा इतका हलका होऊ शकतो हे मला माहीत नव्हते.

८ एप्रिल

कार्यवाहांना पाठवायचा अहवाल बाईंनी सांगितला आणि मी टाइप केला : ‘यांत्रिक बिघाडामुळे नोंदणी प्रथमपासून करावी लागत आहे.’

“बाई, बिघाड यांत्रिक नाही. अण्णांचा आहे.”

“अण्णांना अजून तीन वर्षं नोकरी करायची आहे. टाइप करा.”

टाइप केले. असत्य विधान स्वच्छ टाइप झाले की जास्त खुपते.

२९ मे

उकाडा. यंत्राला पंखा लागतो, मला नाही, असे ठरल्यासारखे पंख्याचे तोंड त्याच्याकडे आहे.

आता मी कीबोर्डकडे न पाहता टाइप करतो. वहिनी म्हणतात, जेवतानाही माझी बोटे ताटाच्या कडेवर चालतात. दादा म्हणाला, “कडेवर काय लिहितोय बघा तरी, मीठ मागत असेल.”

कादंबऱ्या पुन्हा झाल्या. इतिहास पुन्हा झाला. उंचीसकट.

१८ जुलै

संपत आले होते. दोन कपाटे राहिली होती. बाई आल्या, माझी लाकडी पट्टी उचलली, खिडकीशी नेली, डोळ्याजवळ धरली.

“ही शून्याकडून झिजलीय.”

मी पाहिले. झिजली होती. टोक गोल झाले होते.

“म्हणजे तुमची सगळी पुस्तकं आहेत त्यापेक्षा उंच झाली.”

“बाई, एखाद-दोन मिलिमीटरचा फरक. नोंद सेंटीमीटरमध्ये असते.”

“वरचा मिलिमीटर पुढच्या सेंटीमीटरमध्ये धरायचा, असा नियम आहे ना? मग काठावरची पुस्तकं चुकली. कुठली काठावरची, ते मोजल्याशिवाय कसं कळणार?”

बरोबर होते. नियमाप्रमाणे अगदी बरोबर होते. राग त्याचाच आला. त्यांनी स्वतःच्या पर्समधून स्टीलची नवी पट्टी काढून माझ्या टेबलावर ठेवली. म्हणजे घरूनच ठरवून आल्या होत्या.

मी टेबलावर हात आपटला. बाईंसमोर मी असे कधी केले नव्हते. त्या म्हणाल्या, “चहा घेऊन या जरा,” आणि गेल्या.

२१ जुलै

दोन दिवस विचार केला आणि आज कार्यवाहांच्या कचेरीत गेलो. बाहेर अशील बसले होते, तरी मला आत बोलावले. खुर्ची दिली. मी सगळे सांगितले : उंची, पट्टी, अहवाल, शिक्का.

“म्हणजे बाई मध्ये आल्या नसत्या तर केव्हा संपलं असतं?”

“केव्हाच संपलं असतं, साहेब. अजूनही मला सुटीच्या दिवशी किल्ली मिळाली तर ऑगस्टमध्ये संपवतो.”

“तुमच्यासारखी माणसं हवीत,” ते म्हणाले. “काम संपलं की खर्च संपतो, एवढं साधं आहे. बाईंना कळत नाही.” आणि चहा मागवला.

खर्चाची एवढी काळजी करणाऱ्या माणसाला लवकर काम उरकणारा कारकून आवडणारच. जिना उतरताना मी शीळ घातली.

शिक्क्याचे सांगायला नको होते, असे घरी आल्यावर वाटू लागले. पण साहेबांनी विचारले तर खोटे कसे सांगणार? तसे त्यांनी विचारले नव्हते, हेही खरे.

२५ जुलै

अण्णांना कार्यवाहांकडून लेखी ताकीद आली. मी त्यांच्या टेबलाजवळून गेलो तर ते शिंक आवरून बसले होते. म्हणाले, “तुझ्यासमोर शिंकायचीसुद्धा चोरी रे. किती शिंकलो ते साहेबांना कळवशील.”

मी म्हटले, “अण्णा, जे घडलं तेच सांगितलं.”

“तेच तर. तुला दुसरं काही येतच नाही.”

मग बाईंनी बोलावले. वाटले, आता झाडणार. त्यांनी बसायला सांगितले.

“नोंदणी संपल्यावर काय करणार?”

“कायम होणार, बाई.”

“कोण म्हणालं?”

“साहेब. तुमचं बघू म्हणाले.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बघू म्हणजे हो, हे कुठल्या शाळेत शिकलात?”

शाळेवरून बोलायची गरज नव्हती. मी कुठवर शिकलो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठलो. त्या म्हणाल्या, “थांबा. तुम्हाला सरळ सांगितलं असतं, पण ते तुम्ही दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर बसून, चहा पीत, शब्दन्‌शब्द सांगितलं असतंत. मग माझ्या हातात काय उरलं असतं?”

काय सरळ सांगितले असते, ते मात्र सांगितले नाही. संध्याकाळभर डोक्यात तेच घोळत आहे. माझ्या कामात खोट नाही. माझ्या वागण्यात खोट नाही. मग सगळे माझ्याकडे, पाय मोडलेल्या खुर्चीकडे बघावे, तसे का बघतात?

१९ ऑगस्ट

शेवटचे पुस्तक मोजले. स्टीलच्या पट्टीने, सपाट टेबलावर, पुठ्ठ्याच्या कडेपासून कडेपर्यंत. मग साठवले, नक्कल काढली, नक्कल निराळ्या खोलीत निराळ्या कपाटात कुलपात ठेवली.

बाई म्हणाल्या, “सुटीच्या दिवशी किल्ली कोणी दिली?”

“साहेबांनी.”

“असं का.” मग बराच वेळ त्या पुस्तकाकडे बघत उभ्या राहिल्या. पुस्तकात विशेष काही नव्हते. भाज्यांच्या लागवडीवरचे होते.

२ सप्टेंबर

आज काय झाले ते क्रमाने लिहितो.

कार्यवाह आणि खजिनदार काम पाहायला आले. या वेळी दोघांनीही बूट काढले. कार्यवाहांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक होते आणि ते सारा वेळ एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे होते. खजिनदार कापडाचे व्यापारी आहेत. त्यांच्या वडिलांनी पूर्वी वाचनालयाला काही पुस्तके दिली होती, ती यंत्रात आहेत का, असे त्यांनी विचारले. मी नाव टाइप केले. यंत्र थोडा वेळ कुरकुरले आणि पुस्तक पडद्यावर आले.

“उंची एकवीस,” खजिनदार वाचून म्हणाले. “उंचीसुद्धा घेतलीय?” ते खूश झाले. मलाही बरे वाटले.

कार्यवाहांनी विचारले, “मग, झालं म्हणायचं?”

बाई म्हणाल्या, “नाही. उंच्या अजून पडताळायच्या आहेत. मी सही करणार नाही.”

मी मध्येच म्हटले, “पडताळल्या आहेत, साहेब. पूर्ण. आधी लाकडी पट्टीने, मग स्टीलच्या.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. आगगाडी सुटली की फलाटावरचा माणूस तिच्याकडे बघतो, तसे.

“शाबास,” कार्यवाह म्हणाले. “मग पंधरा तारखेपासून यांना मोकळं करायला हरकत नाही. पत्र मी आणलंच आहे.” त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढले. “पुढे चार नवी पुस्तकं आली तर अण्णा टाइप करतील. त्यात काय.”

मोकळे म्हणजे कशापासून, हे कळायला मला वेळ लागला. यंत्राला लागतो तसा.

मी म्हटले, “साहेब, तुम्ही तुमचं बघू म्हणाला होतात.”

“बघितलं की. फार चांगलं पत्र लिहिलंय तुम्हाला. कुठेही दाखवा.”

त्यांच्या हातातले पाकीट माझ्यासमोर होते. मी हात पुढे केला नाही, पण मागेही घेतला नाही. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “जाडी राहिलीय.”

“काय?”

“पुस्तकांची जाडी. नव्या दालनात किती फळ्या लागतील, सुतार आकडा मागतोय. मागच्या वेळी अंदाजानं केल्या, निम्मी पुस्तकं आडवी पडलीत अजून.”

“ते खरं आहे,” खजिनदार म्हणाले. “फळ्या पुन्हा करायच्या म्हणजे दुप्पट.”

कार्यवाह बाईंकडे पाहत राहिले. वकील माणूस. मग माझ्याकडे वळले. “तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलत नाही. यंत्रात जाडीचा रकाना आहे?”

अण्णाही दारात येऊन उभे होते. पाठीमागे पंखा फिरत होता. पानांचा रकाना आहे. उंचीचा आहे. जाडीचा नाही. हे मला जितके माहीत आहे तितके या गावात कोणालाच माहीत नाही.

“आहे, साहेब.”

“भरलाय?”

“रिकामा आहे.”

“किती दिवस लागतील?”

“मोजायला घेतल्याशिवाय कसं सांगणार?”

पाकीट खिशात परत गेले. कार्यवाह बूट घालता घालता बाईंना म्हणाले, “तुमच्या निरोपाच्या पत्रिकेत ‘संपूर्ण संगणकीकरण करून दाखवलं’ असं छापायला दिलं होतं. त्याचं काय करू?”

“काढून टाका,” बाई म्हणाल्या.

ते गेले. बाईंनी दार लावले आणि विचारले, “रकाना खरंच आहे?”

“नाही, बाई. करावा लागेल.”

“येतो करता?”

“पुस्तिका वाचून करतो.”

मी जबाबदार माणसांसमोर, सरळ प्रश्नाला, असत्य उत्तर दिले. हे वाक्य मी दोनदा वाचले. अक्षर बिघडलेले नाही.

३ सप्टेंबर

इंग्रजी पुस्तिका आणि शब्दकोश घेऊन दिवसभर बसलो. रकाना झाला, पण तो करताना विज्ञानाची एक अख्खी फ्लॉपी कोरी झाली. नक्कल होती म्हणून वाचलो. यंत्र बनवणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी वाचनालयात येऊन बसावे, एवढीच इच्छा आहे. चपला बाहेर काढून.

घरी दादा म्हणाला, “डेपोवाले विचारतायत, येतोस की नाही?”

“इतक्यात नाही.”

“संपलं होतं ना तुझं?”

“पुस्तकं जाड आहेत,” मी म्हटले. वहिनी पोळी लाटता लाटता थांबल्या. माझ्याकडे नीट बघितले आणि न मागता दुसरी पोळी वाढली.

५ सप्टेंबर

जाडी हा प्रकार उंचीपेक्षा वाईट आहे. उंची निदान एकच असते. पुस्तक दाबले तर जाडी कमी भरते, सोडले तर जास्त. दमट हवेत निराळी, कोरड्या हवेत निराळी. जुन्या बांधणीची पुस्तके पाठीशी जाड आणि कडेला बारीक, आणि काही अगदी उलट. पहिल्या पुस्तकालाच मी तीन आकडे लिहून खोडले. असल्या आकड्याला काही अर्थ नाही, आणि तो सेंटीमीटरमध्ये लिहायचा की मिलिमीटरमध्ये, हे कुठल्याही नियमावलीत नाही. मी बाईंना बोलावले. बाईंनीही नियमावली चाळली. नाही.

“दाबून मोजायचं की न दाबता?” मी विचारले.

“फळीवर पुस्तकं एकमेकांना दाबूनच असतात,” बाई म्हणाल्या.

“पण सगळी सारखी दाबलेली नसतात.”

“हो. तेही खरं.”

अण्णा त्यांच्या टेबलावरून म्हणाले, “दाबायचं असेल तर मला सांगा. मला अनुभव आहे.” ताकीद आली त्या दिवसानंतर ते माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. मी शिक्क्याचा चिमटा उचलून त्यांच्या कपाटात ठेवला आणि कपाट लावून घेतले.

बाई पट्टी घेऊन उभ्या होत्या. मी म्हटले, “एकदा मोजून भागणार नाही. प्रत्येक पुस्तक तीन ठिकाणी मोजावं, वर, मध्ये आणि खाली, आणि सरासरी काढावी.”

बाईंनी विचार केला. “वेळ लागेल.”

“लागेल, बाई,” मी म्हटले आणि पट्टीसाठी हात पुढे केला.